बसवणप्पांचा पंप

अब्बांच्या उजव्या हाताला पट्टी नसती, तर मुखेडच्या जीपचं इंजिन माझ्या हाती आलंच नसतं आणि पुढचं काहीच घडलं नसतं. हे वाक्य मी मनाशी इतक्या वेळा म्हटलंय की आता त्याने काही हलकं वाटत नाही. एका ट्रॅक्टरच्या रेडिएटरचं झाकण उघडताना वाफेने त्यांचा पंजा भाजला. "गरम झाकणाला हात लावू नका रे" असं आयुष्यभर दुसऱ्यांना ओरडून सांगणारा माणूस स्वतःच लावून बसला. अम्मीने आधी कोरफड थापली, मग शिव्या घातल्या, मग दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी महिनाभर हात वर धरायला सांगितला. अब्बा गळ्यात झोळी बांधून वर्कशॉपच्या दारात स्टुलावर बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर खेकसू लागले.

मी तेव्हा तंत्रनिकेतनाचा डिप्लोमा घेऊन घरी बसले होते. मोटारीच्या कारखान्यांनी पोरीला कागदावर बोलावलं आणि समोर बघून परत पाठवलं. दोन्ही बहिणींची लग्नं झाली होती, भाऊ नव्हता. नांदेडला रस्त्याच्या बाजूला वर्कशॉप, मागं आमच्या दोन खोल्या, आणि मधे जाड सतरंजीचा पडदा. पडद्याच्या पलीकडून हातोड्याचे ठोके, नोझल तपासतानाची चरचर आणि ड्रायव्हर लोकांचं हसणं. अलीकडून अम्मीच्या खलबत्त्याचा आवाज. सकाळी खिचडी आणि चिंचेचा खट्टा, दुपारी ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी, आणि या सगळ्याला डिझेलचा बारीक वास. सासरी गेल्यावर जेवणाला तो वास नसायचा, तर मला कितीतरी दिवस जेवल्यासारखं वाटत नसे. घरात आम्ही दखनी बोलायचो. इथं मी सगळ्यांचं बोलणं मराठीतच लिहिते आहे. तसंही अब्बा निम्मं वाक्य दखनीत सुरू करून मराठीत संपवायचे, त्यामुळे फारसा फरक पडणार नाही.

पडद्याच्या अलीकडं बसून मी व्हॉल्व्ह घासायची, नोझल धुवायची, रिंगा मोजायची. काम माझं, पण ते पलीकडं नेऊन बसवायचे अब्बा. लोकांना वाटायचं सगळं खाजा मिस्त्रींचं. मला त्याचा राग यायचा आणि तो मी अम्मीवर काढायची. अम्मी म्हणायची, "मी सांगितलं होतं का इंजिन शिक म्हणून?"

आमचं एक मात्र पक्कं होतं. इंजिन खोललं की डिझेलचा पंप उतरवायचा आणि लातूरला बसवणप्पांकडे पाठवायचा. नांदेडला पंपवाले चार होते, पण अब्बांना बसवणप्पांशिवाय कुणाचा हात पटत नसे. पंप पोत्यात गुंडाळून, वरून सुतळी बांधून, लातूरच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचा. तिसऱ्या दिवशी तो तसाच परत यायचा, फक्त त्याच्यावर विभूतीची तीन बोटं ओढलेली असायची. बसवणप्पा लिंगायत. शर्टाच्या आत गळ्यात लिंग, डोक्यावर पांढरी टोपी, आणि दुकानात भिंतीएवढं एक मशीन, ज्याला सगळे बेंच म्हणायचे. पंप त्या बेंचला जोडून फिरवला की प्रत्येक नळीतून किती डिझेल पडतं ते काचेच्या नळ्यांत दिसायचं. ते नांदेडला आले की अम्मी त्यांच्यासाठी वेगळं ठेवलेलं, मटण न लागलेलं पातेलं काढायची आणि बगाऱ्या भाताबरोबर वांगं करायची. ते जेवून ढेकर देत म्हणायचे, "वहिनी, आमच्या महादेवीला सांगू नका, पण वांगं तुमचंच." तिकडं लातूरला महादेवीकाकू अब्बांना नेमकं हेच उलटं बोलायला लावायच्या. तीस वर्षांची दोस्ती होती ही.

तर मुखेडचे गंगाधरराव आपली जीप घेऊन आले. मुखेडहून लातूरच्या मोठ्या दवाखान्यांत माणसं नेण्या-आणण्याचं त्यांचं काम. जीप टर्बोची होती, आणि त्या वेळी आमच्याकडं टर्बो नवीनच येऊ लागला होता. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक चाक फिरवतो, ते चाक दुसरं चाक फिरवतं आणि दुसरं चाक इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. हवा जास्त गेली की डिझेलही जास्त द्यावं लागतं, आणि ते पंपाला कळावं म्हणून पंपाच्या डोक्यावर एक डबी असते. इंजिनाच्या हवेच्या नळकांड्यापासून त्या डबीपर्यंत एक बारीक रबरी पाइप जातो. हवेचा दाब वाढला की त्या पाइपातून तो डबीपर्यंत पोचतो, आतला पडदा दबतो आणि पंप डिझेल वाढवतो. हे इतकंच लक्षात ठेवलं तरी पुढचं सगळं कळेल.

अब्बांचा हात झोळीत. ते स्टुलावरून सांगायचे आणि मी करायची. पहिल्यांदाच मी पडद्याच्या पलीकडं, दिवसाढवळ्या, डोक्याला ओढणी घट्ट बांधून इंजिन जोडत होते. ड्रायव्हर लोक चहा प्यायच्या निमित्ताने येऊन बघून जायचे. एकाने म्हटलंच, "मिस्त्री, पोरीला हिकडं लावलंत, आता वहिनी घण मारतेल का?" अब्बांनी डाव्या हाताने त्याला पान्हा फेकून मारला, तो लागला नाही. जुना पाइप वाळून कडक झाला होता, म्हणून मी बाजारातून नवा मऊ पाइप आणून घातला. बसवणप्पांकडून पंप आला, बसवला. इंजिन पहिल्याच झटक्याला चालू झालं. अब्बा डोळे मिटून ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "दोरा तूच बांध."

याचा अर्थ ज्यांना कळायचा त्यांनाच कळेल. अब्बा खोललेल्या प्रत्येक इंजिनाला शेवटी काळा दोरा बांधायचे. बिस्मिल्ला म्हणून सात वेढे, वर गाठ, नजर लागू नये म्हणून. तो कुणाला सहज दिसता कामा नये आणि एकदा बांधला की कुणी सोडायचा नाही, झिजून आपला आपण तुटेल तेव्हा तुटेल. आमच्याकडे शिकून गेलेले सगळे मिस्त्री हे पाळायचे, मग ते कुठल्याही धर्माचे असोत. अब्बांनी आजवर दुसऱ्या कुणाला तो बांधू दिला नव्हता. माझे हात तुपासारखे वितळतील की काय असं मला झालं. मी वाकले, पंपाच्या मागच्या बाजूला कुणाला दिसणार नाही अशी जागा शोधली आणि सात वेढे इतके ओढून बांधले की बोटाला चर पडला. माझं पहिलं इंजिन. ते सुटता कामा नये असं मला वाटत होतं.

आठवड्याने गंगाधरराव परत आले. म्हणाले, गावात गाडी झकास चालते, पण वीस-पंचवीस किलोमीटर झाले की बिघडते. जांबच्या पुढचा चढ लागला की पिकअपच घेत नाही, गुदमरते. आणि मग पाय काढला, गिअर बदलला की भसाभस काळा धूर ओकते. "मागावं तवा देत न्हाई आन् नको तवा देती," ते म्हणाले. आम्ही गाडी चालू केली. गार इंजिन, बोलायला जागा नाही. गरम होईस्तोवर उभी ठेवली, उभ्या गाडीत टर्बोला ताणच येत नाही, तेव्हा काही कळलं नाही. मी साबणाचं पाणी करून सगळ्या पाइपांवर, क्लिपांवर, सांध्यांवर फिरवलं. कुठं हवा गळत असती तर बुडबुडा आला असता. एकही आला नाही. हवेची जाळी साफ केली, टर्बोचं चाक बोटाने फिरवून बघितलं. सगळं बरोबर.

डिझेल वेळेवर मिळत नाही आणि नको तेव्हा मिळतं, म्हणजे पंप. कुणीही हेच म्हणालं असतं, आजही माझे विद्यार्थी पहिल्यांदा हेच म्हणतात. पंप उतरवून लातूरला पाठवला. बसवणप्पांनी बेंचवर फिरवून परत पाठवला, सोबत चिठ्ठी: पंप बरोबर आहे. बसवला, तीच गत. पुन्हा पाठवला, पुन्हा चिठ्ठी. आणि या दोन खेपांच्या मधे ते घडलं, ज्याने सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. गंगाधरराव एका दिवस भरलेल्या बाईला घेऊन लातूरला निघाले होते. उसाच्या ट्रॅक्टरला मागे टाकायला ते बाजूला निघाले, समोरून एसटी आली, आणि नेमक्या त्या क्षणी गाडीने दम सोडला. एसटीवाल्याने रस्ता सोडून गाडी शेतात घातली म्हणून वाचले. फक्त आरसा गेला. गंगाधरराव आमच्या दारात आले ते तुटका आरसा हातात घेऊनच. ते अब्बांना एवढंच म्हणाले, "मिस्त्री, पोटात लेकरू होतं ओ तिच्या."

तिसऱ्या खेपेला बसवणप्पा पंप मांडीवर घेऊन स्वतः आले. वर्कशॉपमध्ये चार-पाच ड्रायव्हर होते. अम्मीने वेगळं पातेलं चुलीवर ठेवलं होतं आणि मी चहा घेऊन आले. बसवणप्पा बशीत चहा ओतून प्यायचे. त्या दिवशी बशी हिंदकळून थोडा चहा त्यांच्या धोतरावर सांडला. वय झालं होतं त्यांचं, बोटांना थोडा कंप होता, आम्ही सगळे तो बघून न बघितल्यासारखं करायचो.

"खाजाभाई, तिनदा बेंचवर फिरिवलाय," ते म्हणाले. "केसाचाबी फरक न्हाई. पंप बरोबर हाय. तुमी इंजिनात बघा."

"इंजिन माझ्या डोळ्यांसमोर जोडलंय, बसू."

"डोळ्यासमोर खरं. पण हात कुणाचे व्हते?"

त्यांच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. हे मी तेव्हाही जाणत होते. एक कारागीर दुसऱ्याला विचारतो तसं त्यांनी विचारलं. पण सगळ्या ड्रायव्हरांनी माझ्याकडं बघितलं आणि कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. अब्बांचा चेहरा लाल झाला. "हातांचं तू बोलतोस?" ते म्हणाले. "चहाची बशी तुझ्या हातात ठरत नाही आणि पंपाचं काम करतोस? परवा त्या गाडीत एक बाई मेली असती, पोटातल्या लेकरासकट. बेंच झाकून घरी बस आता. लोकांचे जीव घेऊ नको."

बसवणप्पांनी बशी हळूच खाली ठेवली. दोन्ही हात धोतराला पुसले. मग ते उठले, हात जोडून "शरणार्थ" म्हणाले आणि बाहेर पडले. अम्मी पडद्याआडून भाताचा वाफाळता डाव हातात घेऊन तशीच उभी होती. तो भात आम्ही कुणीच खाल्ला नाही.

अब्बांच्या शब्दाला आमच्या लाइनीत वजन होतं. खाजा मिस्त्रींनी बसवणप्पांना घरी बसायला सांगितलं, ही गोष्ट ड्रायव्हर लोकांनी आठ दिवसांत उदगीरपासून धर्माबादपर्यंत पोचवली. आमचा पंप नांदेडच्या दुसऱ्या माणसाकडं गेला. त्याने तो खोलून, धुऊन, नवं सामान घालून दिला. गाडी गरम झाली की तसंच. अब्बा म्हणाले, "बसूनेच आत काहीतरी नासवून ठेवलंय." पण ते म्हणताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. खरं तर त्यांनीही हात टेकले होते.

माझ्या डोक्यात मात्र ती दोन्ही बाजूंची गोष्ट फिरत होती: बेंचवर पंप बरोबर, गाडीत चूक. मग जे बेंचवर जात नाही, गाडीतच राहतं, ते काय? मी हवेचा दाब दाखवणारं एक गोल गेज आणलं, त्याला लांब नळी जोडली आणि म्हटलं, मी गाडीत बसून चालत्या गाडीत मोजणार. अब्बा म्हणाले, परक्या माणसाबरोबर मुखेडपर्यंत? तेव्हा अम्मी उठली, बुरखा घातला, डब्यात भाकरी बांधली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. "चला," म्हणाली. "मला काय, मी हवा खाईन."

गेज मी अम्मीच्याच हातात दिलं, कारण मला इंजिनाच्या आवाजाकडं लक्ष द्यायचं होतं. पहिल्या खेपेला नळी हवेच्या नळकांड्याजवळ जोडली होती. गाडी तापली, चढ लागला, गंगाधररावांनी पाय दाबला. अम्मी तसबीच्या मण्यांसारखे आकडे म्हणू लागली, "चार... आठ... बारा... बाराच." म्हणजे टर्बो दाब देत होता, गाडीत दम नव्हता तरी. चढ संपल्यावर गाडी थांबवली आणि नळी पाइपच्या दुसऱ्या टोकाला, पंपाच्या डबीजवळ जोडली. परत खाली आलो, परत चढ. अम्मी म्हणाली, "एक... दोन... नसीम, हे झोपलंय का गं?" चढाच्या मध्यावर तीन. वर पोचेपर्यंत पाच. गंगाधररावांनी पाय काढला, गिअर बदलला, मागं काळा धूर सुटला. अम्मी म्हणाली, "आता कुणी मागत नाही तर हे अजून पाचवरच आहे." तिने रोगाचं अचूक वर्णन केलं होतं. दाब पंपापर्यंत उशिरा जात होता आणि तिथून उशिरा परत येत होता. नळकांड्यापासून डबीपर्यंत पाइप जेमतेम दीड वीत. दोष त्या दीड वितीत होता.

रस्त्याच्या कडेला टपरी होती. गंगाधरराव चहाला गेले. मी बॉनेट उघडून तापलेल्या पाइपवरून बोटं फिरवत पंपाच्या मागं नेली आणि माझ्या हाताला दोरा लागला. सात वेढे. गार असताना रबर त्याला तोंड देत होतं; तापलं की मऊ पडायचं आणि दोरा आत रुतून पाइपचा गळा आवळायचा. गळत काहीच नव्हतं, म्हणून साबणाला बुडबुडा आला नव्हता. पंप उतरवताना पाइप गाडीतच राहायचा, म्हणून बसवणप्पांच्या बेंचला तो कधी दिसलाच नाही. आणि मी, डाव्या हाताने अब्बांनीही, कितीदा तो पाइप पुसला होता, दोऱ्याच्या आजूबाजूने पुसला होता. बांधलेल्या दोऱ्याला कुणी हात लावत नाही ना.

मी ब्लेडने दोरा कापला. रबरावर मानेवर पडावा तसा वण राहिला होता. तेवढा तुकडा काढून दुसरा घातला. तिसऱ्या वेळेला चढावर अम्मी म्हणाली, "चार, आठ, बारा," आणि जीप गुरासारखी उधळली. गंगाधरराव स्टिअरिंगवर हात आपटून हसायला लागले. मी कापलेला दोरा मुठीत धरून बसले होते. अम्मीने मी दोरा कापताना बघितलं होतं.

संध्याकाळी मी अब्बांना सगळं सांगितलं. त्यांनी स्टुलावर बसून ते ऐकून घेतलं. मला वाटलं, आता उठतील आणि लातूरची गाडी धरतील. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला आणि अम्मीला."

"गंगाधरराव?"

"ते चहाला गेले होते."

"मग कुणाला सांगू नको," अब्बा म्हणाले. "पंपात दोष होता, तो निघाला. बस. मला पोरगा असता तर मी चौकात उभं राहून सांगितलं असतं की याच्या हातून चूक झाली. पोराची चूक लोक चार दिवसांत विसरतात. तुझी विसरणार नाहीत. उद्या तुला पान्हासुद्धा कुणी धरू देणार नाही."

"आणि बसवणप्पाकाका?"

"त्याचं वय झालंय," अब्बा म्हणाले आणि पट्टी सुटलेला हात चोळत राहिले.

मला त्या क्षणी बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण बरंच वाटलं. अब्बा माझ्या बाजूने उभे होते. पुढच्या महिनाभरात माझ्याकडं तीन इंजिनं आली. मुखेडच्या गाडीचा रोग खाजा मिस्त्रींच्या पोरीने काढला, असं लोक सांगत होते, आणि त्यात खोटंही काही नव्हतं. मग एक दिवस लातूरचा कंडक्टर सहज बोलून गेला की बसवणप्पांच्या दुकानात आता कुणी जात नाही, बेंचवर चादर टाकली आहे. अम्मीने ते ऐकलं. दुसऱ्या सकाळी तिने माझ्यापुढं डबा ठेवला आणि म्हणाली, "दहाची लातूर गाडी आहे. तुझे अब्बा विचारतील तर मी सांगेन बहिणीकडं गेली."

बसवणप्पा दुकानात एकटेच होते. बेंचवर खरंच चादर होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी आधी राग केला नाही, दुःख केलं नाही, आधी विचारलं, "नळकांड्यापाशी किती पौंड? आन् पंपापाशी?" मी आकडे सांगितले. त्यांनी मांडीवर थाप मारली. "म्हणूनच घावंना! बेंचला माझी नळी, गाडीला तुझी. मी रातभर पडून इचार करून राहिलो व्हतो, बसवण्णा, माझं चुकलं कुठं?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते हसत होते. मग ते एकदम थांबले आणि म्हणाले, "खाजाभाईनं धाडलं व्हय तुला?"

त्या माणसाला पंप बरोबर असल्याचं ऐकायचं नव्हतं, ते त्याला माहीतच होतं. त्याला हे ऐकायचं होतं. मी म्हणाले, "हाव. अब्बांनीच पाठवलं."

आतून महादेवीकाकूंनी धपाटे आणि शेंगाची चटणी आणली. त्यांनी विचारलं, काय बोलणं चाललंय, तर बसवणप्पा म्हणाले, "कायी न्हाई, पोरगी सहज आलती."

शुक्रवारी अब्बा नमाजहून आले आणि बघतात तर बसवणप्पा स्टुलावर बसलेले. मी चहा ठेवत होते. बसवणप्पांनी उठून अब्बांना मिठीच मारली. "पोरीला धाडलंस, खाजाभाई, त्यातच समदं आलं," ते म्हणाले. अब्बांनी त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलं. माझ्या आयुष्यात ते एवढा वेळ माझ्याकडं कधी बघत राहिले नव्हते. मग म्हणाले, "हाव बसू. मीच पाठवलं." आणि ते रडले. अब्बांना मी त्याआधी रडताना बघितलं नव्हतं. रडतच म्हणाले, "उद्या स्टँडवर सगळ्या ड्रायव्हरांना जमवतो आणि सांगतो. जे तोंडाने घालवलं ते तोंडाने आणतो."

"काय सांगतोस?" बसवणप्पा म्हणाले. "पोरीच्या हातानं घात झाला म्हणून? गप बस. माझं झालं आता, अजून किती वर्सं पंप फिरवणार हाय मी? हिचं समदंच ऱ्हायलंय. मला ठावं हाय, तुला ठावं हाय, झालं."

दोघंही माझ्याकडं वळले. मी एकवीस वर्षांची होते, शिकलेली होते, मला तोंड होतं. "नाही काका, मी स्वतः सांगते" एवढं म्हणायचं होतं. मी चहा गाळत राहिले.

बसवणप्पांनी वर्षभरात दुकान बंद केलं. बेंच उदगीरच्या कुणीतरी नेलं. दोघांची दोस्ती शेवटपर्यंत टिकली, पातेलं वेगळं निघत राहिलं, वांगं होत राहिलं. मी पुढं मोटार मेकॅनिक शिकवायला लागले. आज माझ्या हाताखालून गेलेली पोरं-पोरी आठ जिल्ह्यांत आहेत. बसवणप्पा गेले तेव्हा मातीला मी होते. बायकांच्या मागं उभी होते आणि पुढं कुणीतरी म्हणत होतं, "शेवटी शेवटी हात चालंनात, म्हणून दुकान गेलं." तेव्हाही मी काही बोलले नाही. अब्बाही त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत.

ही पानं छापायला देण्याआधी, गेल्या महिन्यात, मी लातूरला गेले. महादेवीकाकू आता अंथरुणावरच असतात, डोळ्यांनी कमी दिसतं, पण ऐकू छान येतं. मी त्यांच्या उशाशी बसून हे सगळं त्यांना वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून. मधे त्यांनी एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर मला वाटलं, आता मला शिव्या देतील, आणि मला त्या हव्या होत्या.

"दुकान बंद झाल्यावर शेजारपाजारचे कुणी कुणी पंप घेऊन यायचे गं," त्या म्हणाल्या. "हे म्हणायचे, महादेवी, दे की गं अवजारं, एकदा बघतो. मी पेटीला कुलूप लावून किल्ली कमरेला ठेवली व्हती. म्हणायची, तुमचे हात चालत न्हाईत, लोकांचा जीव घ्याल. तेरा वर्सं म्हणले मी तसं. त्यांनी एकदाबी सांगितलं न्हाई मला."